जुम्याच्या नमाजचा आरोप आणि वसीम जाफरचे चोवीस हंगाम

भारताचा क्रिकेट संघ जाहीर झाला की आपल्या घराघरातल्या मोबाईलवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरायला लागतात. पहिला, "बघा, आपल्या पोराला परत डावललं." दुसरा, "खेळात धर्म आणू नका." 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सरफराज खानला भारत 'अ' संघातही जागा मिळाली नाही, तेव्हा हेच झालं. काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी हे आडनावामुळे झालं का, असा जाहीर प्रश्न विचारला. समोरून तितक्याच जोरात उत्तरं आली आणि चॅनलवाल्यांची दोन दिवस सोय झाली. मग सगळे आपापल्या कामाला लागले.

मला या भांडणात दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. निवड समितीच्या बंद खोलीत कोण काय बोललं, कुणाच्या मनात काय होतं, हे आपण सिद्ध करू शकत नाही. सरफराजच्या धावा भरपूर आहेत हे खरं, आणि भारतात धावा भरपूर असून बाहेर बसलेली पोरं प्रत्येक धर्मात सापडतात हेही खरं. अंदाजावर भांडण्यापेक्षा जिथे आरोप, उत्तर, तारखा सगळं नोंदीत आहे असं एखादं प्रकरण नीट बघितलेलं बरं. तसं एक प्रकरण आपल्या महाराष्ट्रातल्याच खेळाडूचं आहे. वसीम जाफर.

आजच्या नववी-दहावीच्या मुलांना जाफर ट्विटरवर गमतीशीर मीम टाकणारा माणूस म्हणून माहीत आहे. तो काय दर्जाचा खेळाडू होता हे सांगितलं की मुलं चकित होतात. याचं कारण साधं आहे. एकदिवसीय सामने त्याच्या वाट्याला आले फक्त 2, त्यामुळे टीव्हीवर तो फारसा दिसलाच नाही. 16 फेब्रुवारी 1978 चा मुंबईतला जन्म. वालिद बेस्टच्या बसचे ड्रायव्हर. शिक्षण अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत. पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात नाबाद 400 केल्यावर मुंबईच्या मैदानांवर त्याचं नाव झालं. 1996-97 च्या हंगामात तो मुंबईकडून रणजीत उतरला आणि कारकिर्दीतल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद 314 धावा काढून परतला. एकोणिसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

भारताकडून पहिली कसोटी मिळाली फेब्रुवारी 2000 मध्ये, वानखेडेवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. समोर डोनाल्ड आणि पोलॉक. जमलं नाही आणि तो बाहेर गेला. 2002 मध्ये आत आला, परत बाहेर. खरी संधी आली 2006 मध्ये. त्या मार्चमध्ये नागपूरला इंग्लंडविरुद्ध शतक, जूनमध्ये अँटिग्वाला वेस्ट इंडिजविरुद्ध 212, 2007 च्या सुरुवातीला केपटाऊनला 116 आणि त्याच वर्षाच्या शेवटी कोलकात्याला पाकिस्तानविरुद्ध 202. एप्रिल 2008 मधली कानपूरची कसोटी शेवटची ठरली. एकूण 31 कसोटी, 1944 धावा, सरासरी 34. आकडे ठीक आहेत, थोर नाहीत. सेहवाग आणि गंभीरची जोडी जमली होती, त्यामुळे त्याला वगळण्यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही.

थोरपणा पुढे आहे. तीस वर्षांचा माणूस संघातून गेला की बहुतेक वेळा कंटाळतो किंवा कडवट होतो. जाफर परत मुंबईकडून खेळायला गेला. कप्तान झाला आणि 2008-09 व 2009-10 अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक मुंबईला मिळवून दिला. त्यातला दुसरा अंतिम सामना म्हैसूरला कर्नाटकविरुद्ध अवघ्या 6 धावांनी जिंकलेला. सदतिसाव्या वर्षी त्याला विदर्भाने घेतलं. ज्या विदर्भाने कधी रणजी जिंकली नव्हती, तो 2017-18 मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून विजेता झाला, आणि पुढच्या वर्षी परत. त्या दुसऱ्या वर्षी, चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हंगामात 1037 धावा काढल्या. आमच्या वयाची माणसं त्या वयात सकाळी उठून चालायला जायचं म्हटलं तरी सोमवारपासून म्हणतात.

7 मार्च 2020 ला त्याने निवृत्ती घेतली. तेव्हा प्रथम श्रेणीत 260 सामने, 19,410 धावा, 57 शतकं. रणजीत 156 सामने आणि 12,038 धावा, म्हणजे 12,000 चा टप्पा गाठणारा पहिला खेळाडू.

ही सगळी यादी देण्यामागे कारण आहे. "आपल्याला कुठेच जागा नाही" असं जे आपल्याकडे सरसकट बोललं जातं, ते जाफरच्या या चोवीस हंगामांना लागू पडत नाही. मुंबईने त्याला कप्तान केलं. विदर्भाने सदतिसाव्या वर्षी बोलावून घेतलं. ड्रेसिंग रूममध्ये तो नमाज पढत होता, दाढी ठेवत होता, आणि त्याचा कुणाला त्रास झाल्याचं कधी बातमीत आलं नाही. पण त्याच्या उलट जे म्हणतात की खेळात धर्म नसतोच, त्यांनी 2021 च्या फेब्रुवारीचा दुसरा आठवडा बघावा.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांतच, जून 2020 मध्ये जाफर उत्तराखंडच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. नवी संघटना, भारतीय मंडळाचं पूर्ण सदस्यत्व मिळून वर्षही झालं नव्हतं. बाहेरून तीन व्यावसायिक खेळाडू आणले गेले, मुंबईचे जय बिस्टा आणि इक्बाल अब्दुल्ला, आणि आपल्या महाराष्ट्राच्या संघातून खेळलेला समद फल्ला. कप्तानी इक्बालकडे गेली. जानेवारी 2021 मधल्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत संघाला पाचपैकी एकच सामना जिंकता आला. 9 फेब्रुवारीला जाफरने राजीनामा दिला. कारण स्पष्ट लिहिलं, निवड समिती आणि सचिवांचा हस्तक्षेप, आणि लायक नसलेल्या खेळाडूंसाठी पक्षपात.

इथवर ही भारतातल्या कुठल्याही क्रीडा संघटनेतली नेहमीची भानगड होती. प्रशिक्षक म्हणतो निवड चुकीची, संघटना म्हणते प्रशिक्षकाला संघ चालवता आला नाही. पण दुसऱ्या दिवशी बातमी आली ती वेगळीच. संघ व्यवस्थापकाचा हवाला देऊन छापून आलं की जाफरने संघात धर्म आणला. त्यात आरोप तीन होते. शिबिरात मौलवी बोलावून जुम्याची नमाज पढवली. मुस्लिम खेळाडूंना झुकतं माप देत इक्बालला कप्तान केलं. आणि संघाचा धार्मिक जयघोष बंद केला.

त्याच दिवशी जाफरने पत्रकारांसमोर येऊन एकेका आरोपाला उत्तर दिलं, आणि ते उत्तर कसं दिलं हे आपल्या मुलांना दाखवण्यासारखं आहे. भावनेचं भाषण केलं नाही. कप्तान म्हणून मी जय बिस्टाचं नाव सुचवलं होतं, इक्बालचं नाव निवड समितीकडून आलं. मौलवींना मी बोलावलं नाही, इक्बालने बोलावलं आणि त्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी घेतली होती. मी धर्म बघत असतो तर समद फल्लाला सगळ्या सामन्यांत खेळवलं असतं, मी तर त्याला बसवलं. संघ एका राज्याचा आहे, त्यात वेगवेगळ्या समाजाची मुलं आहेत, म्हणून 'गो उत्तराखंड' अशी घोषणा सुचवली. हे त्याच्या म्हणण्याचं सार आहे, शब्द माझे.

आता जरा थांबून बघू. राजीनाम्यात मुद्दा काय होता? निवड. दुसऱ्या दिवसापासून देशभर चर्चा कशाची झाली? नमाजची. ज्या पक्षपाताबद्दल त्याने पद सोडलं, त्याबद्दल संघटनेला कुणी उभं करून जाब विचारला असं दिसलं नाही. जाफर खुलासे देत राहिला आणि प्रश्न ज्यांना विचारायचे होते ते बाजूला राहिले. आरोप खरा ठरण्याची गरजच नव्हती. विषय बदलला, काम झालं. हे फक्त क्रिकेटमध्ये होतं असं नाही. ग्रामपंचायतीत, शिक्षक संघटनेत, सोसायटीच्या मीटिंगमध्येही आपल्यापैकी कुणी हिशोबाचा प्रश्न विचारला की हिशोब राहतो बाजूला आणि त्याची दाढी चर्चेला येते. हा अनुभव वाचकांपैकी अनेकांचा असेल.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. फलंदाज असताना जाफरचं माप धावफलकावर होतं. 314 म्हणजे 314. त्यात कुणाला काही घालता-काढता येत नाही. प्रशिक्षक झाल्यावर माप धावफलकावरून उठलं आणि लोकांच्या मतावर गेलं. याने याला का घेतलं, त्याला का बसवलं, याचा हेतू काय. हेतूवर शंका घ्यायची तर नाव पुरतं. म्हणून खेळाडू म्हणून मुस्लिम माणूस मोठा झाला की देश टाळ्या वाजवतो, पण निवडणारा, ठरवणारा, सही करणारा झाला की त्याच टाळ्यांमध्ये थोडी कुजबुज मिसळते. आपल्या समाजाची काळजी सध्या सगळी "संघात किती" यावर अडकली आहे. निवड समितीत किती, पंचांत किती, प्रशिक्षकांत किती, जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीत किती, हे कुणी मोजत नाही.

काही जण म्हणतील, मुसाफिरावर जुमा फर्जच नाही, मग शिबिरात कशाला हट्ट? मसला आपल्या जागी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर उलमा देतील. पण इथे प्रश्न फिक्हचा नव्हताच. परवानगी घेऊन पढलेली नमाज नंतर आरोपपत्रात कशी जाते, हा प्रश्न होता.

तुलनेसाठी एक दूरचं उदाहरण घेतो. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, 'ऑस्ट्रेलियन रूल्स'. लांबट चेंडू, एका बाजूला 18 खेळाडू, हात आणि पाय दोन्ही चालतात, आणि मैदान क्रिकेटचंच. मेलबर्नला अंतिम सामन्याला साधारण एक लाख माणूस बसतो. या खेळातला बाचर हूली हा लेबनानी कुटुंबातला, मेलबर्नमध्येच 1988 मध्ये जन्मलेला मुसलमान खेळाडू. 2007 मध्ये एसेंडन क्लबकडून सुरुवात, 2011 पासून रिचमंड. 2017, 2019 आणि 2020 असा तीन वेळा विजेत्या संघात होता आणि 2021 मध्ये निवृत्त झाला. उघडपणे दीनदार असलेला या लीगमधला पहिला मोठा खेळाडू म्हणून तिकडे त्याच्याकडे पाहिलं जातं. त्याच्या नमाजची क्लबने सोय केली. मेलबर्नच्या त्या मोठ्या मैदानावर सर्वधर्मीय प्रार्थनेची खोली आहे. त्याच्या नावाने मुस्लिम मुलांसाठी अकादमी निघाली, इस्लामी शाळांची स्पर्धा सुरू झाली.

म्हणजे तिकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. त्याच लीगमधला अॅडम गुड्स हा आदिवासी खेळाडू, 2014 चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. वंशभेदाविरुद्ध बोलला म्हणून मैदानामैदानावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, शेवटी 2015 मध्ये तो खेळ सोडून गेला. लीगने त्याची जाहीर माफी मागितली ती 2019 मध्ये. उशीर झाला, पण माफी संस्थेने मागितली, लेखी मागितली.

हूलीचीही एक गोष्ट मला आवडते ती वेगळ्याच कारणाने. जून 2017 मध्ये त्याने सामन्यात प्रतिस्पर्ध्याला हात मारला, समोरचा खेळाडू बेशुद्ध पडला. सुनावणीत त्याच्या चांगल्या वागणुकीचे दाखले आले, अगदी पंतप्रधान टर्नबुल यांच्या नावाचासुद्धा, आणि शिक्षा दोन सामन्यांवर आली. त्यावर लीगने स्वतः अपील केलं आणि शिक्षा चार सामन्यांची झाली. माणूस चांगला आहे, समाजात त्याचं काम आहे, तरी मार तो मार. मुसलमान म्हणून सूट नाही आणि मुसलमान म्हणून संशयही नाही. जाफरच्या बाबतीत एवढंच हवं होतं. त्याची निवड चुकली असेल तर धावा आणि विकेट समोर ठेवून विचारा. पाचपैकी चार सामने हरलात, का? हा रास्त प्रश्न होता आणि तो त्याला कुणी नीट विचारलाच नाही.

जाफरच्या बाजूने कोण बोललं? अनिल कुंबळे बोलले, दुसऱ्याच दिवशी, नाव घेऊन, तुझ्यासोबत आहे आणि तू योग्य केलंस अशा अर्थाचं. इरफान पठाण, मनोज तिवारी, दोड्डा गणेश बोलले. म्हणजे बोलणाऱ्यांत आपलेच होते असं नाही, ही नोंद आपण ठेवली पाहिजे. मुंबईची मोठी नावं मात्र बहुतेक गप्प राहिली. ज्यांच्या सोबत तो वर्षानुवर्षं एका ड्रेसिंग रूममध्ये बसला ती नावं. अजिंक्य रहाणेला, आपल्याच जिल्ह्यातल्या डोंबिवलीत वाढलेल्या खेळाडूला, कसोटीआधीच्या पत्रकार परिषदेत याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा आपल्याला या विषयाची कल्पना नाही असं त्याने सांगितलं. सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडू वाद टाळतो हे समजू शकतं. पण जाफर मुंबईचा कप्तान असताना रहाणे त्याच संघात खेळला होता, म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे गोष्ट अर्ध्यावर सोडून रडायची सवय आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये ओडिशाने जाफरला मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतलं. आयपीएलमध्ये पंजाबने त्याला फलंदाजी प्रशिक्षक म्हणून ठेवलं. बांगलादेशच्या मंडळानेही बोलावलं. आणि उत्तराखंड? जून 2022 मध्ये रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात हा संघ मुंबईकडून 725 धावांनी हरला. धावांच्या हिशोबात प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा जगातला सर्वांत मोठा पराभव. मुंबईकडून त्या सामन्यात 153 धावा काढणारा होता सरफराज खान. त्याच सुमारास या संघटनेच्या खर्चावर आणि खेळाडूंना मिळणाऱ्या भत्त्यावर वृत्तपत्रांतून प्रश्न उठले. जाफरने दीड वर्ष आधी कारभाराबद्दल जे लिहून दिलं होतं, ते तेव्हा वाचायला हवं होतं असं कुणाला वाटलं असेल का, माहीत नाही.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे येऊ. इथल्या पोरांना जाफरपर्यंत पोहोचायला आडनावाच्या आधी दुसऱ्या भिंती आहेत. भातकापणी झाली की शेतांवर खेळपट्ट्या तयार होतात आणि गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. पोरं भन्नाट खेळतात. पण लेदर बॉल हातात घ्यायचा तर मुंबई गाठावी लागते. आसनगावहून सीएसएमटी साधारण दोन तास. मुरबाडच्या मुलाला आधी एसटीने कल्याण, मग लोकल, खांद्यावर किट. जहीर खान श्रीरामपूरहून सतराव्या वर्षी मुंबईला आला आणि 311 कसोटी बळी घेऊन गेला, हे खरं आहे. त्याची आई शिक्षिका होती, वडील सोबत आले होते. प्रत्येक घराला तेवढं शक्य नाही. आमच्या भागातल्या गॅरेजवाल्याच्या, चिकन सेंटरवाल्याच्या मुलाला चार महिने मुंबईत ठेवणं हा घरच्या हिशोबाचा प्रश्न आहे आणि त्याबद्दल त्या बापाला दोष देता येणार नाही.

पण जे जमण्यासारखं आहे तेही सुटतं, याचं मला वाईट वाटतं. शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. त्यात चमकलेल्या मुलांना दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. आपल्या मुलांची प्रमाणपत्रं कपाटात पडून राहतात, प्रस्ताव वेळेत जात नाही. कबड्डी, कुस्ती, अॅथलेटिक्समध्ये स्पर्धा क्रिकेटपेक्षा जवळची आहे, तिकडे आपण बघतच नाही. आणि पंच, स्कोअरर, प्रशिक्षक होण्याच्या परीक्षा असतात हे तर दहा पालकांतल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. टेनिस बॉलच्या स्पर्धेत ओळ न चुकवता स्कोअर लिहिणारी दोन-तीन पोरं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना कुणी सांगितलेलं नाही की हेही काम आहे, याचीही परीक्षा असते.

पालक एक प्रश्न मला हटकून विचारतात, अम्मी लोक तर जास्तच. "सर, मॅच जुम्याला असली तर?" मी सांगतो की आधी विचारा. सामन्याच्या दिवशी नाही, वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी. शिक्षकांशी बोला आणि दोन ओळी लिहून द्या. जाफरकडे राजीनाम्याचं पत्र आरोपाच्या आधीच्या तारखेचं होतं, म्हणून निदान तारीख तरी त्याच्या बाजूने होती. आणि बहुतेक वेळा लिहून द्यायचीही पाळी येत नाही. मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या कबड्डी सामन्यांचा एक दिवस शुक्रवारी आला. यजमान शाळेचे क्रीडा शिक्षक, कोकणातले कुणबी, वेळापत्रक घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, जेवणाची सुट्टी साडेबाराऐवजी एक ते पावणेदोन ठेवली आहे, तुमच्या पोरांना मशिदीत जाऊन यायला पुरेल ना? पुरली. दोन वाजता आमचा सामना लागला आणि आम्ही सात गुणांनी हरलो, कारण आमचा डावा कोपरा कच्चा होता.